बॅरी सँडर्सचा १९८८ चा हंगाम : लाडक्या खेळाडूची आठवण आकड्यांवर घासून पाहताना

३१ डिसेंबर २०२४ च्या फिएस्टा बाउलमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या हंगामअखेरच्या एका खास सामन्यात, पेन स्टेटविरुद्ध उतरताना बॉइजी स्टेटच्या अॅश्टन जेंटीच्या नावावर हंगामातले २,४९७ रशिंग यार्ड, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावून कापलेले यार्ड, होते. आणखी १३२ मिळाले असते तर ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा २,६२८ यार्डांचा विक्रम ३६ वर्षांनी मोडला असता. पेन स्टेटच्या बचावाने त्याला १०४ वर अडवलं. हंगाम संपला तो २,६०१ वर, म्हणजे बरोबरी साधायलाही २७ यार्ड कमी पडले.

त्या आठवड्यात सँडर्सचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं, आणि त्यासोबत आठवणींमधल्या गफलतीही. कुणी २,६२८ म्हणत होतं, कुणी २,८५०. कुणाच्या मते त्याने हे अकरा सामन्यांत केलं, कुणाच्या मते बारा. काहींना आठवत होते ते प्रसंग मुळात कॉलेजचे नव्हतेच, तो पुढे ज्या व्यावसायिक संघात गेला त्या डेट्रॉइट लायन्सचे होते. अमेरिकेत शिकायला गेलेली आणि आपल्या विद्यापीठाच्या संघात जीव गुंतवून बसलेली मराठी मंडळीही या वादात हिरिरीने उतरतात. म्हणून हे एक प्रकरण मुळापासून उलगडून पाहायला हवं. सँडर्सचा १९८८ चा हंगाम कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात कुठल्याही रनिंग बॅकने खेळलेला सर्वोत्तम हंगाम आहे, असं आमचं ठाम मत आहे. पण ते मत उभं राहतं एकाच गोष्टीवर. एकूण किती यार्ड, याच्या आधी किती सामन्यांत आणि कुठल्या नियमाखाली, हे विचारावं लागतं.

खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, सहा गुणांचा. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो, तो पास टाकतो किंवा रनिंग बॅककडे देतो. चेंडू हातात घेऊन धावण्याचं मुख्य काम रनिंग बॅकचं. अशा प्रत्येक धावेला कॅरी म्हणतात. जिथून खेळ सुरू झाला त्या रेषेपासून तो जिथे पडला किंवा बाहेर गेला तिथपर्यंतचं अंतर पूर्ण यार्डांत मोजतात. रेषेच्या मागेच पकडला गेला तर तेवढे यार्ड त्याच्या खात्यातून वजा होतात. म्हणजे २,६२८ ही निव्वळ जमा आहे, तोटा वजा जाऊन उरलेली. मीटरमध्ये बोलायचं तर सुमारे २.४ किलोमीटर, आणि अकरा माणसं खाली पाडायला टपलेली असताना.

आधीची दोन वर्षं

सँडर्स कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा. जन्म १६ जुलै १९६८. वडील छपरं दुरुस्त करायचे, सुतारकाम करायचे. उंची पाच फूट आठ इंच, वजन २०३ पौंड, म्हणजे साधारण ९२ किलो. उंचीमुळे मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि तो स्टिलवॉटरला ओक्लाहोमा स्टेटमध्ये आला. तिथे त्याच्या आधी थर्मन थॉमस उभा होता. थॉमस पुढे बफेलो बिल्सचा आधारस्तंभ झाला. अशा खेळाडूच्या मागे पर्यायी म्हणून बसणं यात कमीपणा काहीच नाही.

१९८६ मध्ये सँडर्सला ३२५ यार्ड मिळाले, १९८७ मध्ये ६०३. इथेच पहिली गफलत होते. ‘दोन वर्षं बाकावर बसलेला अनोळखी पोरगा एकदम चमकला’ ही कथा सांगायला छान आहे, पण १९८७ मध्ये किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना प्रतिस्पर्ध्याने लाथेने मारलेला चेंडू, परतवण्यात सरासरी ३१.६ यार्डांसह तो देशात पहिला होता. ज्यांचं लक्ष होतं त्यांना तो ठाऊक होता. त्याला मिळत नव्हता तो चेंडू. थॉमस १९८८ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि प्रशिक्षक पॅट जोन्स यांनी सगळा भार सँडर्सवर टाकला.

अकरा सामन्यांचा ताळेबंद

कुठल्याही खेळाडूच्या हंगामाची आठवण तपासायची असेल तर सुरुवात एका कागदापासून करावी. प्रत्येक सामन्याची एक ओळ : प्रतिस्पर्धी, कॅरी, यार्ड, टचडाउन, निकाल. शेवटी बेरीज करून ती अधिकृत आकड्याशी जुळते का ते पाहायचं. जुळली नाही तर एखादा सामना राहिला आहे, दोनदा आला आहे किंवा बाउलचा सामना आत शिरला आहे. सँडर्सचा कागद असा दिसतो :

मायामी (ओहायो) : १८ कॅरी, १७८ यार्ड, २ टचडाउन. विजय ५२–२०.
टेक्सस ए अँड एम : २० कॅरी, १५७ यार्ड, २ टचडाउन. विजय ५२–१५.
टल्सा : ३३ कॅरी, ३०४ यार्ड, ५ टचडाउन. विजय ५६–३५.
कोलोरॅडो : २४ कॅरी, १७४ यार्ड, ४ टचडाउन. विजय ४१–२१.
नेब्रास्का : ३५ कॅरी, १८९ यार्ड, ४ टचडाउन. पराभव ४२–६३.
मिझुरी : २५ कॅरी, १५४ यार्ड, २ टचडाउन. विजय ४९–२१.
कॅन्सस स्टेट : ३७ कॅरी, ३२० यार्ड, ३ टचडाउन. विजय ४५–२७.
ओक्लाहोमा : ३९ कॅरी, २१५ यार्ड, २ टचडाउन. पराभव २८–३१.
कॅन्सस : ३७ कॅरी, ३१२ यार्ड, ५ टचडाउन. विजय ६३–२४.
आयोवा स्टेट : ३२ कॅरी, २९३ यार्ड, ४ टचडाउन. विजय ४९–२८.
टेक्सस टेक (टोकियो) : ४४ कॅरी, ३३२ यार्ड, ४ टचडाउन. विजय ४५–४२.

बेरीज ३४४ कॅरी, २,६२८ यार्ड, ३७ टचडाउन. तिन्ही आकडे अधिकृत नोंदीशी चोख जुळतात. एका कॅरीमागे ७.६४ यार्ड, एका सामन्यामागे २३८.९. सगळ्यात कमी यार्ड मिझुरीविरुद्ध, तेही १५४. बहुतेक रनिंग बॅक ज्या दिवसाला आपला सर्वोत्तम दिवस म्हणतील, तो याचा सर्वांत वाईट दिवस होता. तीनशेच्या वरचे सामने चार.

किकऑफ आणि पंट (प्रयत्न संपत आल्यावर प्रतिस्पर्धी लाथेने दूर मारतो तो चेंडू) परतवण्याचं काम त्याच्याकडेच होतं. हंगामाच्या पहिल्या सामन्यात, मायामीविरुद्ध, त्याने किकऑफ १०० यार्ड परतवून टचडाउन केला. पुढे एक पंटही परतवून टचडाउन केला. त्यामुळे एकूण टचडाउन ३९ आणि गुण २३४. संघाने अकरा सामन्यांत मिळून ५२२ गुण केले, त्यातले जवळजवळ ४५ टक्के एकट्याचे. सर्व प्रकारचे यार्ड धरले तर धावून २,६२८, झेल घेऊन १०६, पंट परतवून ९५ आणि किकऑफ परतवून ४२१. एकूण ३,२५०.

हा कागद नुसता बेरजेसाठी नसतो, तो वाचायचा असतो. पहिल्या सहा सामन्यांत मिळून १५५ कॅरी आणि १,१५६ यार्ड, सरासरी ७.४६. शेवटच्या पाच सामन्यांत १८९ कॅरी आणि १,४७२ यार्ड, सरासरी ७.७९. म्हणजे सामन्याला २६ कॅरींवरून जवळजवळ ३८ वर भार गेला, आणि सरासरी घसरायच्या ऐवजी वाढली. एरवी उलट घडतं. ऑक्टोबर संपता संपता रनिंग बॅकचे घोटे, खांदे, बरगड्या बोलायला लागतात, प्रतिस्पर्ध्यांकडे सहा-सात सामन्यांच्या चित्रफिती जमा झालेल्या असतात आणि चेंडू कुणाकडे जाणार हे स्टेडियममधल्या लहान मुलालाही कळत असतं. तरीही शेवटच्या पाच सामन्यांत सँडर्सची सरासरी सामन्याला २९४ यार्ड होती. या हंगामातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

आता उलट बाजू, कारण आवडत्या खेळाडूच्या बाबतीत तीच सोयीस्करपणे विसरली जाते. कॅन्सस स्टेट त्या वर्षी अकराच्या अकरा सामने हरला. कॅन्ससने अकरात एकच जिंकला. या दोघांविरुद्ध मिळून सँडर्सचे ६३२ यार्ड आणि आठ टचडाउन आहेत. दुबळ्या बचावावर हात धुऊन घेतले, हा आक्षेप म्हणून निराधार नाही. मग हे दोन्ही सामने पुसून टाकू. उरतात नऊ सामने आणि १,९९६ यार्ड, सामन्याला २२१.८. आक्षेप टिकत नाही, पण तो तपासायलाच हवा होता.

दुसरं असं की कॅरीमागची सर्वांत कमी सरासरी नेमकी दोन पराभवांत आहे. नेब्रास्काविरुद्ध ५.४, ओक्लाहोमाविरुद्ध ५.५. त्या काळच्या बिग एट गटातले हे दोन दादा संघ, आणि त्यांनी त्याला इतरांपेक्षा जास्त रोखलं यात शंका नाही. पण रोखलं म्हणजे काय, तर दोघांविरुद्ध मिळून ४०४ यार्ड आणि सहा टचडाउन. नेब्रास्काविरुद्ध हार झाली ती संघाच्या बचावामुळे. ४२ गुण करून हरणाऱ्या संघाच्या रनिंग बॅकला दोष देता येत नाही. ओक्लाहोमाविरुद्ध, स्टिलवॉटरच्याच मैदानावर, शेवटच्या क्षणांत क्वार्टरबॅक माइक गंडीने एंड झोनमध्ये टाकलेला पास झेलणाऱ्याच्या हातून निसटला आणि सामना गेला. स्टिलवॉटरचे जुने लोक सँडर्सच्या २१५ यार्डांआधी तो निसटलेला झेलच आठवतात.

२,६२८ की २,८५०?

वादाचं मूळ इथे आहे. ३० डिसेंबर १९८८ ला सॅन डिएगोमध्ये हॉलिडे बाउल झाला. ओक्लाहोमा स्टेटने वायोमिंगला ६२–१४ असं चिरडलं. सँडर्सने २९ कॅरींत २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले. पण त्या काळी एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था बाउल सामन्यांतले आकडे हंगामाच्या वैयक्तिक नोंदीत धरत नसे. रणजी हंगामाच्या धावा मोजताना अंतिम सामन्यातलं शतक बाजूला ठेवावं, तसा हा प्रकार. बाउलचे आकडे धरायला सुरुवात झाली २००२ च्या हंगामापासून, आणि हा बदल मागच्या वर्षांना लागू केला गेला नाही.

त्यामुळे दोन जोड्या तयार होतात आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. अधिकृत : अकरा सामने, २,६२८ यार्ड, धावून ३७ आणि एकूण ३९ टचडाउन. बाउल धरून : बारा सामने, २,८५० यार्ड, धावून ४२ आणि एकूण ४४ टचडाउन. चूक होते ती एका जोडीतला आकडा उचलून दुसऱ्या जोडीला चिकटवल्यावर. ‘अकरा सामन्यांत २,८५०’ असं कधीच घडलं नाही. ‘बारा सामन्यांत २,६२८’ हे त्याच्यावर अन्याय करतं. लिहिताना किंवा बोलताना यार्डांसोबत सामन्यांची संख्या सांगायची सवय लावली की हा घोळ संपतो.

दुसऱ्या एखाद्या खेळाडूसाठी असाच कागद करणाऱ्यांनी तीन सीमारेषा लक्षात ठेवाव्यात. १९३७ पूर्वीच्या वैयक्तिक आकड्यांना एनसीएएची अधिकृत मोजणी नाही, ते वर्तमानपत्रांतून गोळा केलेले असतात आणि एकाच सामन्याचे दोन वर्तमानपत्रांत दोन आकडे सापडतात. २००२ च्या आधी बाउल बाहेर, नंतर आत. आणि २००६ पासून नियमित हंगाम सर्रास बारा सामन्यांचा झाला, त्यावर गटाचा अंतिम सामना आणि बाउल किंवा प्लेऑफ असे आणखी दोन-तीन चढू शकतात. क्वार्टरबॅकचा कागद करत असाल तर आणखी एक खाचखळगा आहे. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी पाडलं तर ते गेलेले यार्ड त्याच्या रशिंगमधून वजा होतात, एनएफएलमध्ये तसं होत नाही. त्यामुळे उत्तम धावणाऱ्या क्वार्टरबॅकचे कॉलेजमधले रशिंग यार्ड कागदावर अनेकदा केविलवाणे दिसतात.

शेजारी ठेवून पाहायचे आकडे

सँडर्सच्या आधीचा विक्रम सदर्न कॅलिफोर्नियाच्या मार्कस अॅलनचा होता, १९८१ मध्ये अकरा सामन्यांत २,३४२. ही तुलना सर्वांत स्वच्छ, कारण सामने तितकेच आणि नियमही तोच. अॅलनला ४०३ कॅरी लागल्या, सँडर्सला ३४४. कमी कॅरींत २८६ यार्ड जास्त.

विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने २०१४ मध्ये २,५८७ यार्ड केले, ३४३ कॅरींत. हा आकडा नीट पाहावा. सँडर्सपेक्षा फक्त एक कॅरी कमी, आणि सरासरी ७.५४. म्हणजे चेंडू हातात आल्यावर काय केलं एवढंच पाहिलं तर गॉर्डन सँडर्सच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, आणि हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. फरक आहे तो १४ सामन्यांत आणि ११ सामन्यांत. गॉर्डनच्या वाट्याला सामन्याला साडेचोवीस कॅरी आल्या, सँडर्सच्या वाट्याला सव्वाएकतीस. तेवढ्याच कॅरी तीन शनिवार कमी घेऊन, दर शनिवारी जास्त मार खाऊन सँडर्सने ही सरासरी राखली.

जेंटीचं २०२४ चं वर्ष १४ सामने, ३७४ कॅरी, २,६०१ यार्ड, सरासरी ६.९५ असं आहे. अकरा सामन्यांनंतर तो २,०६२ वर होता. तो मोठाच आहे, आणि त्याला संपूर्ण हंगामभर बचावाच्या फळीत जास्तीची माणसं झेलावी लागली. पण २७ यार्डांनी हुकलं म्हणजे जवळपास बरोबरी झाली, असं नाही. सामन्यास सामना लावला तर अंतर ५६६ यार्डांचं आहे. बाउल धरून बाउल मोजला तर २४९ यार्डांचं, आणि तरीही जेंटीचे दोन सामने जास्तच.

सँडर्सचे सगळेच विक्रम टिकले असंही नाही. विस्कॉन्सिनच्याच माँटी बॉलने २०११ मध्ये १४ सामन्यांत ३९ टचडाउनची बरोबरी साधली. स्टॅनफर्डच्या क्रिश्चन मॅककॅफ्रीने २०१५ मध्ये ३,२५० चा सर्व प्रकारच्या यार्डांचा विक्रम मोडून ३,८६४ वर नेला, तोही १४ सामन्यांत. जिथे मोडला तिथे मोडला म्हणावं. त्याने २,६२८ ची किंमत तसूभरही कमी होत नाही.

टोकियोचा दिवस

आयोवा स्टेटचा सामना संपला तेव्हा सँडर्स २,२९६ वर होता, अॅलनच्या ४६ यार्ड मागे. शेवटचा सामना टोकियोत ठरलेला होता. टेक्सस टेकने आपला घरचा सामना तिकडे नेला होता, त्याच वर्षी सुरू झालेल्या टोकियो डोममध्ये.

हाइजमन ट्रॉफीचा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराचा, निकाल जाहीर व्हायचा होता न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अॅथलेटिक क्लबमध्ये, ३ डिसेंबरला, आणि जपानात त्या वेळी ४ तारखेची सकाळ होती. सँडर्सला टोकियोच्या एका टीव्ही स्टुडिओत बसवून उपग्रहाद्वारे जोडण्यात आलं. वैयक्तिक कौतुकाचा त्याला मनापासून संकोच असे, आणि त्या कार्यक्रमातही तो त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. मतदानात त्याला १,८७८ गुण मिळाले. दुसऱ्या क्रमांकावरच्या सदर्न कॅलिफोर्नियाच्या रॉडनी पीटला ९१२, तिसऱ्या ट्रॉय एकमनला ५८२. स्टुडिओतून निघून तो मैदानावर गेला आणि ४४ कॅरींत ३३२ यार्ड केले. अॅलनचा विक्रम मोडला तो त्या दिवशी, अमेरिकेपासून हजारो मैल दूर, ज्यांतल्या बहुतेकांनी हा खेळ प्रत्यक्ष क्वचितच पाहिला असेल अशा प्रेक्षकांसमोर.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टोकियोच्या खेळामुळे हाइजमन मिळाली, असं बरेचदा सांगितलं जातं. मतं त्याआधीच पडली होती. ती मिळाली होती दहा सामन्यांच्या जोरावर. अकरावा आणि बारावा सामना मिळून ५५४ यार्ड आणि नऊ टचडाउन मतदारांनी हिशेबात धरलेच नव्हते.

चित्रफीत कशी पाहावी

आकडे पक्के झाले की चित्रफितीकडे वळावं, आधी नाही. आधी चित्रफीत पाहिली तर डोळ्यांत फक्त लांब पल्ल्याच्या धावा भरतात. पहिली खूण जर्सीची. ओक्लाहोमा स्टेटमध्ये तो २१ क्रमांकाने नारिंगी-काळ्या रंगांत खेळला, डेट्रॉइटमध्ये २० क्रमांकाने निळ्या-चंदेरी रंगांत. एकाच जागी उभा राहून चार जणांना गुंगारा देणारे, मागे धावत जाऊन पुन्हा पुढे येणारे जे प्रसिद्ध तुकडे फिरत असतात, ते बहुतांशी डेट्रॉइटचे आहेत. कॉलेजमधला सँडर्स त्यापेक्षा सरळ, घाईने वर जाणारा होता, आणि त्यालाही कारण आहे.

संघ आय फॉर्मेशन वापरत असे. क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅक, त्याच्या मागे चेंडू खेळात येण्याच्या रेषेपासून साधारण सात यार्डांवर सँडर्स. एवढ्या अंतरावरून धावत येताना बॅकला समोरची फळी उघडताना दिसते, आणि चेंडू हाती येईपर्यंत वेग जमलेला असतो. पुढची फळी म्हणजे स्टिलवॉटरमध्ये ‘वॉर पिग्ज’ या नावाने ओळखली जाणारी ऑफेन्सिव्ह लाइन. फुलबॅक गॅरेट लिंब्रिक त्याच्यापुढे वाट मोकळी करत जायचा. कुठलाही एक खेळ तीनदा पाहावा. पहिल्यांदा फक्त लाइनचे पाच जण. दुसऱ्यांदा फक्त लिंब्रिक, तो कुठल्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, धडक देतो ते. तिसऱ्यांदा सँडर्सचे पाय, चेंडू हाती आल्यापासून रेषा ओलांडेपर्यंतच. खांद्यांकडे पाहू नये, ते फसवतात.

पायांमध्ये दिसतं ते असं. मधली वाट बुजलेली दिसली की तो दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी टेकवून आडवा सरकतो, दीड-दोन यार्ड, आणि त्याच पावलातून पुन्हा पुढे निघतो. इतर बॅक इथे एक जास्तीचं पाऊल घेतात, आणि त्या एका पावलात लाइनबॅकर पोहोचतो. गुडघे कायम वाकलेले, कंबर खाली, त्यामुळे बाजूने लागलेला हात मांडीवरून घसरतो. समोरासमोर भिडून माणूस पाडणं हे त्याचं काम नव्हतं. त्याला पूर्ण ताकदीने लागलेली धडक शोधायला बसलात तर बराच वेळ जाईल. आणि टचडाउननंतर कॅमेरा हलला नाही तर हेही दिसतं : नाच नाही, चेंडू जमिनीवर आपटणं नाही. चेंडू जवळच्या पंचाच्या हातात द्यायचा आणि बाकाकडे चालू लागायचं. एकोणचाळीस वेळा गुण केले त्या हंगामात, आणि सवय हीच.

त्याला एकट्याला सगळं श्रेय देणारी आठवण अर्धवट आहे. गंडी चेंडू फेकणारा पक्का क्वार्टरबॅक होता, पुढे २००५ ते २०२५ तो याच संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. झेल घेणाऱ्यांत हार्ट ली डाइक्स होता, ज्याला १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत निवडलं गेलं. डाइक्सवर दोन माणसं ठेवावीत तर मधली गर्दी कमी होते, न ठेवावीत तर गंडी वरून पास टाकतो. प्रतिस्पर्ध्याच्या बचाव-प्रशिक्षकापुढे हा पेच होता, आणि सँडर्सने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पण डाइक्स आणि गंडी असतानाही दुसऱ्या कुणाला हे २,६२८ जमले असते असं म्हणणाऱ्याने शेवटच्या पाच सामन्यांच्या ओळी पुन्हा वाचाव्यात.

नंतर काय झालं

संघाने हंगाम १०–२ असा संपवला. राष्ट्रीय विजेतेपद त्या वर्षी नोट्र डेमकडे गेलं. सँडर्सने विजेतेपद मिळवून दिलं ही आठवण चुकीची आहे. जानेवारी १९८९ मध्ये खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांबद्दल एनसीएएने ओक्लाहोमा स्टेटवर बाउलबंदी आणि टीव्हीबंदीसह कडक कारवाई केली. त्यात सँडर्सचा काही संबंध नव्हता, पण चौथं वर्ष खेळायचं तर ते ना टीव्हीवर दिसणार, ना डिसेंबरनंतर चालणार. त्या काळी एनएफएल तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला सहसा घेत नसे. त्याच्यासाठी अपवाद केला गेला, आणि पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, दार सर्वांसाठी उघडलं. डेट्रॉइटने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. त्याच्या आधी एकमन आणि टोनी मँडरिच, त्याच्यानंतर डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. या पाचांपैकी चौघे आज प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

स्टिलवॉटरमध्ये मागे राहिलेला संघ १९८९ मध्ये ४–७ वर आला, आणि १९९१ मध्ये तर एकही सामना न जिंकता ०–१०–१ असा हंगाम संपला. बंदीचा आणि शिष्यवृत्त्यांवरच्या मर्यादेचा तो परिणाम होता. १९८८ चं ते एक वर्ष तिथल्या लोकांनी इतकं जपून का ठेवलं, हे त्यापुढची तीन वर्षं पाहिल्याशिवाय कळत नाही.

सँडर्स एनएफएलमध्ये दहा हंगाम खेळला. १५,२६९ यार्ड, त्यातले २,०५३ एकट्या १९९७ मध्ये. जुलै १९९९ मध्ये, सर्वकालीन विक्रम टप्प्यात असताना, तो निवृत्त झाला. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये २००३ ला, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये २००४ ला. स्टिलवॉटरच्या बून पिकन्स स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्या हंगामाला तेहतीस वर्षं उलटल्यावर.